दाराची चौकट

प्रिय आई,

मी बरी आहे. चिलीतल्या या डोंगरावर हवा कोरडी आहे, झोप लागते. तिकडे त्रिएस्तेत थंडगार बोरा वारा सुटला का? बाबा योता सूप पोटभर घेतात ना?

आमच्या दुर्बिणीच्या फोटोंत दूरच्या दीर्घिका एकाच बाजूला कललेल्या दिसत होत्या. वाटेतलं काहीतरी जड, न दिसणारं त्यांचा प्रकाश वाकवतंय, असं मी धरून चालले. माझ्यासोबत काम करणारी ओर्सोला म्हणाली, “अगं, जवळचे तारे आधी बघायचे असतात, त्यांच्या वाटेत असं काही नसतं. तेही कललेले असले तर खोट दुर्बिणीत.” तारेही कललेले निघाले. दोन वर्षांचं काम गेलं. मला काहीच वाटलं नाही. जेवले.

तू पाठवलेल्या फोटोत बाबा डावीकडे झुकलेत. तुझा कॅमेरा तिरका झाला असेल म्हणून मागची दाराची चौकट पाहिली.

चौकट सरळ आहे.

डॉक्टर काय म्हणाले, ते या वेळी खरं लिही.

तुझीच,
निवेस