मशीनची धूळ

अण्णा, तुमची ती विमानाच्या गेमची मशीन परवा उघडली. तुम्ही गेल्यापासून ती मागच्या खोलीत पोत्यांखाली पडून होती. आई भंगारात घालायला निघाली होती, मीच म्हटलं, एकदा चालवून बघू. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने मागची फळी काढली, आतल्या बारीक बटणांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, की इथून गेम सोपा किंवा अवघड करता येतो. आई शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते ह्यांला ठाऊकच व्हतं. तू खेळाया आली की सोप्यावर करायचे. मी म्हणायचे, काहून पोरीला खोटं जिंकवून राहिले?"

मला कळमनुरीच्या स्टँडजवळचं आपलं व्हिडिओ गेमचं दुकान दिसत होतं. शाळा सुटून मी दप्तरासकट येते, तुम्ही पोरांना बाजूला करता, मशीन बंद करता आणि फडकं घेऊन तिच्या मागे जाता. गरम झाली, जरा धूळ झाडतो, म्हणता. मला वाटायचं, माझ्यासाठी पुसून देतात, केवढा हा मान! मग मी एकाच रुपयात शेवटच्या स्टेजपर्यंत जायचे, आणि दुसऱ्या स्टेजला मरणारी मोठी पोरं तोंडात बोटं घालून बघत राहायची. मी घरी गेले की तुम्ही पुन्हा धूळ झाडत असणार.

सोपं केलंत, त्याचा राग एक वेळ गिळला असता. पण एकदा मध्येच लाईट गेली, सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार म्हणून मी रडायला लागले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "सोप्यात काई मजा न्हाई, माय. मरत मरतच हात बसतो." ते मी खरं धरून चालले. आजही कुठलाही गेम घेतला की सगळ्यात अवघड लेवल निवडते. पैसे भरून पुढे नेणारे गेम मला डोळ्यांसमोर नकोत. मेलं की पार पहिल्यापासून सुरू करायला लावतो, तोच गेम मला खरा वाटतो. माझा पोरगा सगळं सोप्यावर ठेवून, पुढे काय होतं ते मजेत बघत बसतो. त्याच्याशी मी यावरून भांडते, तुमचंच वाक्य त्याला ऐकवते. नोकरीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले तेव्हा, आपण त्या मशीनला हरवलेलं आहे, या जोरावर तिसऱ्यांदा बसले. आता तो जोर कुठला म्हणायचा? तुम्ही फसवलंत मला, अण्णा. आई सांगते, हरले की मी जेवत नव्हते म्हणून तुम्ही तसं करायचात. अहो, जेवले असते दुसऱ्या दिवशी. मला जमेल, एवढाही भरवसा नव्हता तुम्हाला?

त्या माणसाला मी बटणं अवघडावर करायला लावली आणि खेळायला उभी राहिले. दुसऱ्या स्टेजला मेले. पुन्हा खेळले, पुन्हा तिथेच मेले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तिसऱ्यांदा मेले तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तुम्ही फडकं घेऊन उठताय का ते.