ग्रंथाची नवी बांधणी

चिरंजीव धाकट्यास,

दादाचे भरपूर आशीर्वाद (तुझा विश्वास नसला तरी ठेवून घे, जागा अडवत नाहीत). खोकला कसा आहे? इथे आईची कंबर सोडली तर सगळं ठीक.

दोन महिन्यांपूर्वी तू बाबांना ऐकवलंस की बरंवाईट कळायला स्वतःचं डोकं पुरतं, धर्मग्रंथ कशाला हवा! बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटून ग्रंथ उघडला, बोट ठेवलं, आणि निघालं काय, तर ‘उद्धटास घराबाहेर काढावे.’ तूही चपला घालून चालता झालास. आता खरं ऐक. तुला ग्रंथाने नाही, मी घालवलं. आदल्याच आठवड्यात मी त्याची नवी बांधणी केली होती (घरात बुकबाइंडर असून ग्रंथाची पाठ मोडलेली, लोक काय म्हणतील?). त्याआधी तू खिडकी फोडलीस, मी नापास झालो, तरी दरवेळी तो एकाच पानावर उघडायचा, ‘चुकलेल्यास क्षमा करावी.’ मला योगायोग वाटायचा. गेल्या आठवड्यात आईने कबूल केलं, की आपल्या लहानपणीच तिने ते पान उघडून त्यावर आठवडाभर इस्त्री ठेवली होती. ती सवय माझ्या नव्या बांधणीने मोडली.

मग मी, तुझ्यासारखाच डोक्याने चालणारा (फक्त बाबांसमोर गप्प बसणारा), काय केलं? कव्हरला गोंद लावायचा राहिलाय, अशी बाबांना थाप मारून, फक्त आईला खरं सांगून ग्रंथ दुकानात नेला आणि क्षमेचं पान उघडून दोन दिवस वजनाखाली ठेवला. काल सकाळी आईने तुझा विषय काढला. बाबांनी डोळे मिटले. माझं पक्कं काम माझ्याच मुळावर आलं, शिवण वजनाला बधली नव्हती : पुन्हा तेच उद्धटाचं पान! मी मागेच उभा होतो. बाबांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पानाकडे पाहिलं आणि खणखणीत वाचलं, ‘रागावून गेलेल्यास परत बोलवावे.’ आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, वजन कामी आलं.

तेव्हा रविवारी जेवायला ये. तुझ्याशिवाय घर खायला उठतं.

तुझा,
दादा

ता. क. : बाबा म्हणतील, ‘बघ, ग्रंथानेच बोलावलं.’ तेव्हा वाद घालू नकोस. हे सगळं पत्र एवढ्या विनंतीसाठी.

आणखी एक : बाबांनी पुढची ओळही वाचली होती, ‘पत्र थोरल्या भावाने घालावे, बापाने सांगितले असे त्यात लिहू नये.’ ग्रंथाचं पान न् पान मी माझ्या हाताने शिवलंय. कालपासून दोनदा चाळला. या दोन्ही ओळी त्यात कुठेच नाहीत.