शेवटचा सूर आणि वरचा दात

३ मार्च, सकाळ
वरचा समोरचा दात हलतोय. किंचित. जिभेने मुद्दाम ढकलला तरच. तेव्हा जीभ आवरणे. विषय संपला.

महिनाअखेरीला आमच्या बँडचा वार्षिक कार्यक्रम. शेवटी सगळा बँड थांबतो आणि एकटं ट्रम्पेट एक उंच, लांब सूर धरतं. तो सूर यंदा माझा! पोस्टातली नोकरी पोटापुरती, खरा मी ट्रम्पेटवाला. आयुष्य दुसऱ्या रांगेत गेलं. पुढच्या गृहस्थांची बदली झाली आणि शेवटी गुणांचं चीज झालं. बँडमास्तर सोलोबद्दल नुसतं "बघू" म्हणाले, पण ते सगळ्यालाच "बघू" म्हणतात.

५ मार्च
हिला दाताचं कळलं. म्हणाली, माझ्या भावाकडे जा. मेहुणा दातांचा डॉक्टर आहे. आजवर प्रत्येक वादात मी त्याचं तोंड बंद केलंय. आता त्याच्यापुढे मी 'आ' करून बसू? शक्य नाही.

स्वतःच डोकं चालवलं. माउथपीस ओठावर दाबला की दात आपोआप मागे बसतो. म्हणजे वाजवत असेपर्यंत तो पडूच शकत नाही. म्हणजे प्रॅक्टिस हाच उपचार. डॉक्टर लोक हे सांगायचे नाहीत, त्यांचं दुकान बंद होईल.

संकल्प: दुप्पट प्रॅक्टिस, दुप्पट दाब.

९ मार्च
खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. घरात कुणाला फार दुखतंय का, म्हणून विचारत होते. माणसाला संगीताचा कान नाही.

जबडा उजवीकडे कटकट वाजायला लागलाय. जेवताना मुलीने चमच्याने त्यावर ताल धरला. पोरगी वाया चालली.

१२ मार्च, रिहर्सलनंतर
दाब वाढवल्यापासून दात जास्त हलतोय, हा निव्वळ योगायोग. पण आज ठणका असा की फुंकणं अशक्य. चारचौघांत शोभा नको म्हणून नुसती बोटं चालवली, गाल फुगवले, भुवया वर नेल्या. आवाज शून्य.

आणि काय सांगावं! बँडमास्तरांनी हात वर करून बँड थांबवला. म्हणाले, ट्रम्पेटची बाजू इतकी स्वच्छ कधीच वाजली नव्हती.

घरी येताना विचार केला. माझ्या नुसत्या बसण्यात एक जरब असणार, तिनेच बाकीचे सुधारले. यालाच नेतृत्व म्हणतात. माझ्यामागे दुसऱ्या रांगेत ट्रम्पेट वाजवणारी बेकरीवाली तर वाकून वाकून माझ्या गालांकडे बघत होती. आदर, दुसरं काय.

१९ मार्च
पुन्हा नुसतीच बोटं. पुन्हा कौतुक. बँडमास्तरांनी पाठ थोपटली. सोलोचं "बघू" जाऊन "चालेल" झालं!

२१ मार्च
एका हाताने लिहितोय, दुसऱ्याने हनुवटी धरलीय.

काउंटरवर जांभई दिली आणि जबडा उघडा तो उघडाच. मिटेना. समोर ही रांग. पहिल्या बाईंना वाटलं मी त्यांच्यावर ओरडणार आहे, त्या आधीच माफी मागून मोकळ्या झाल्या.

पोस्टमास्तरांनी टॅक्सीत घालून मेहुण्याकडे पोचवलं. त्याने सावकाश हातमोजे चढवले आणि लग्नापासून माझ्याशी जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलून घेतलं. मी फक्त 'आ' करू शकत होतो आणि तो त्याचा अर्थ 'हो' असा घेत होता. मग दोन्ही अंगठे आत घालून एका झटक्यात जबडा बसवला.

त्याचं म्हणणं असं की भावोजी, दाबून वाजवल्यानेच दातही हलला आणि जबडाही बिघडला. दात शेजारच्या दातांना तारेने बांधलाय. सहा आठवडे फुंकायचं नाही.

त्याला काय कळतंय.

२२ मार्च
त्याला कळत असावं. फुंकून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

म्हणजे सूर गेला. एवढी वर्षं वाट पाहून गेला. न्हाणीघरात नळ सोडून रडलो. खरंच रडलो.

संध्याकाळी एक कल्पना सुचली. बेकरीत गेलो. मी पुढे उभा राहीन, तिने मागून सूर धरायचा. वाटलं, नाही म्हणेल. तर म्हणाली, काका, आत्ताही तेच चाललंय की. चांगली मुलगी आहे. तयारी आहे तिची.

२८ मार्च, कार्यक्रमानंतर
काय सूर लागला! टाळ्या थांबेनात. मी तीनदा वाकलो. हिचे डोळे भरून आले. म्हणाली, इतक्या वर्षांत तुमचं वाजवणं ऐकताना आज पहिल्यांदाच खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला नाही.

बेकरीवालीची थोडी मदत झाली, नाकारत नाही. पण उभं राहणं माझं होतं.

५ मे
तार निघाली. दात दगडासारखा घट्ट. मेहुणा म्हणाला, आता हलक्या हाताने वाजवायला हरकत नाही.

संकल्प: लोकांनी आजवर माझी नुसती झलक पाहिली. आता खरा मी.

७ मे, रिहर्सलनंतर
पहिल्याच ओळीत जीव ओतला. बँडमास्तरांनी हात वर केला. मी मान जराशी झुकवून कौतुकाची वाट पाहिली.

त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. अगदी मायेने विचारलं, दात बरा झाला का. हो म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले की पहिल्या रांगेतली खुर्ची तुमचीच, पुढच्या वर्षीचा सोलोही तुमचाच, तुम्ही उभे फार छान राहता. फक्त मार्चमध्ये वाजवत होतात तसंच वाजवा.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

फार वाईट वाटलं. घरापर्यंत ट्रम्पेटची पेटी जड लागत होती. आल्या आल्या हिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, निदान ही तरी बँडमास्तरांवर चिडेल.

हिने उठून पाणी आणून दिलं. मग हळूच विचारलं, तसं घरीसुद्धा जमेल का.