लाल लुगड्याची पिशवी

आई,

माझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवायला तू तुझ्या जुन्या लाल लुगड्याची गर्भपिशवी शिवून दिली होतीस. तू गेल्यापासून ती कपाटातच होती. आज तासाला न्यायला बाहेर काढली.

सकाळी पाथर्डीच्या दवाखान्यात मी बायका तपासत होते, तेव्हा एक तरुण बाई आली. "म्याडम, पिशवी काढून टाका. पाळीचा लई तरास हाय अन् ऊसतोडीला जायचंय." तूही याच कारणापायी काढून घेतली होतीस. तेव्हा तुला अडवणारं कुणी नव्हतं, याचा राग अजून जात नाही. मी तू शिवलेली पिशवी तिच्या हातात दिली, औषधाने बरं वाटेल म्हणाले. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. "मग गोळ्याच द्या."

दुपारी वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढीशीच असते?"

शिवून झाल्यावर तूही हेच विचारलं होतंस. "माझी बी एवढीच हुती का गं? एवढ्यात तू मावली हुतीस?"

मी हो म्हणाले. तू ती पोटाशी धरलीस आणि कितीतरी वेळ परत दिलीच नाहीस.

तिथे मावलेली,
तुझी दिशा