नऊ पुड्या, एकच शिंक

महाड, मंगळवार

ती. बनुआक्कास हैबतीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला समजून घे.) तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि नवी पाडी, तिघांची खुशाली कळव.

इकडे मिरचीनं माझं नाक कापायची वेळ आणलीय. विद्यापीठाच्या अनुपमा मॅडम तुला आठवतील, उन्हाच्या टोपीवाल्या. त्यांना बोकड्या न लागणारी (पानं आकसतात तो रोग) नवी मिरची घडवायचीय, आणि त्यासाठी वेगवेगळ्या रक्ताच्या जुन्या मिरच्या हव्यात. मी भर सभेत उठून सांगून बसलो, की आमच्या आक्काच्या वाडीत घरं नऊ आणि मिरचीच्या जातीही नऊ. टाळ्या पडल्या. म्हणून तर शिमग्यानंतर मी मॅडमना घेऊन पोलादपुरावरून वर चढलो. नऊ घरांनी नऊ पुड्या दिल्या. तुझी शेजारीण रखमा तर तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माजी मिरची हिच्यासारकी नाय गो बाय, माजी सासूबी तिला घाबरायची." तूही डोळे पुसत आईची म्हणून एक पुडी दिलीस.

मॅडमनी बिया नेल्या, सालं माझ्या मसाल्याच्या डंकावर आली. आमचा महादू कांडायला बसला. माझे कान तुला ठाऊक आहेत. महादूची शिंक ऐकून मी मिरची कुठली ते सांगतो. नऊ पुड्यांना तो नऊ वेळा एकच शिंक शिंकला, आणि ती माझ्याच दुकानातल्या पोत्याची होती. मॅडमच्या यंत्राला तेच कळायला पाच महिने लागले. या भावंडंसुद्धा नाहीत म्हणाल्या, एकच मिरची नऊदा पंगतीला बसलीय.

आक्का, मी रागावलो नाही. आईचं बियाणं लेकीकडे जातं, परक्याच्या पिशवीत जात नाही, हे मला कळतं. (मला मुलगा म्हणून नुसता उपदेश मिळाला.) पण सोमवारी मॅडम पुन्हा येतायत. खरं बी नाही मिळालं तर आपलं खोरं त्यांच्या वहीतून कटाप आणि मी जन्माचा थापाड्या. तेव्हा चुलीवर टांगलेल्या गाडग्यातून मूठभर काढून ठेव, मी रविवारी येतो.

तुझा धाकटा,
हैबती

ता. क. मुठी दोन कर. आमच्या पूजाचं मार्गशीर्षात ठरलंय. तिच्या ओटीत आजीचं बी आत्याकडूनच पडायला हवं.

आणखी एक ता. क. मूठ एकच भरली तर ती पूजाची. मॅडमना मी तिच्या सासरचा पत्ता देईन. ती त्यांना बी देईलसं वाटत नाही. दिसायला पोर आईवर गेलीय, पण वागायला तुझ्यावर.