नीलम्माचा पेला

४ एप्रिल १९८३

आज रुजू झाले. नांदेडहून लातूर एसटीनं, पुढं मुरुडच्या गाडीत उभ्यानं. ट्रंक कुणाच्या तरी पायावर ठेवली म्हणून बोलणी खाल्ली, पण मन इतकं खुशीत होतं की मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं वॉर्डात सलाइन लावलं, बेडपॅन उचलले. आता मी या ट्रस्टच्या दवाखान्याची व्यवस्थापक. खुर्चीला हात, डोक्यावर पंखा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आईला कळवायचं, तुझी पंचशीला आता उभ्यानं जेवत नाही.

डॉक्टर मन्मथअप्पा म्हणाले, लातूर आता जिल्हा झालाय, साहेब लोक सारखे येणार, दवाखाना नीट दिसला पाहिजे. काम पटलं की तुम्हाला कायम करू.

८ एप्रिल

इथंही घंटा नाही. पेशंट घरून पेला आणतात आणि सिस्टर हवी असली की तो कॉटच्या लोखंडावर वाजवतात. माझे पाय अजून त्या आवाजाला बांधलेले. टण् झालं की मी ऑफिसातून उठते, तोंडातून "आले गं माय, आले" निघून जातं. सिस्टर हसतात.

भिंतीपलीकडच्या बाळंतिणीच्या खोलीत नीलम्मा आहे. मुरुडच्या किराणा दुकानदाराची सून. माहेरी उदगीरकडं पाण्याची बोंब, म्हणून बाळंतपण सासरी. आई शिवगंगा सोबतीला आलीय. पोरगी मोठी गोड आहे. माझी नक्कल करते आणि म्हणते, आमच्या कानडीत "आले"ला "बंदे" म्हणतात. तिच्या पेल्यावर तिचं नाव कोरलंय.

११ एप्रिल

विहीर आटली. आता दुपारच्या टँकरवरच सगळं. टँकर आला की आया, सिस्टर, नातेवाईक सगळे घागरी घेऊन पळतात आणि इकडं पाण्यासाठी पेले वाजत राहतात. डोकं उठतं. साहेबांच्या भेटीत असं चाललं तर माझं कायम होणं राहिलंच.

उपाय काढला. सगळे पेले माझ्या कपाटात, कुलपात. आया कोंडाबाई फेरी मारून पाणी पाजेल. सांडलवंड नाही, गोंगाट नाही. नीलम्मानं विचारलं, मग तुम्हाला बोलवायचं कसं? मी म्हटलं, हाक मारायची, तोंड आहे की. ती हसली. रात्री तिला मुलगा झाला.

डॉक्टरांनी पाठ थोपटली.

१३ एप्रिल

नीलम्मा गेली.

दुपारी टँकर आला तेव्हा सगळे बाहेर होते, तिची आईसुद्धा. शेजारची कॉट रिकामी होती. तिच्या अंगावरून एकदम रक्त जायला लागलं असणार. मी भिंतीअलीकडं, साहेबांच्या भेटीची तयारी करत होते. पंख्याच्या आवाजात काहीतरी बारीक ऐकू आलं. वाटलं, बाहेर शेळीचं पिल्लू असेल. पेला वाजला असता तर माझे पाय मला न विचारता उठले असते.

डॉक्टरांनी विचारलं, पेशंटनं बोलावलं नाही का? मी म्हटलं, नाही. ती जी वाजवून बोलावायची ती वस्तू माझ्या कपाटात होती, हे मी बोलले नाही.

बाळ चांगलं आहे. मला त्याच्याकडं बघवत नाही.

१४ एप्रिल

सगळ्यांचे पेले परत केले. नीलम्माचा पेला शिवगंगाबाईंच्या हातात माझ्या हातानं दिला. त्यांनी तो पदरात गुंडाळला, बाळ छातीशी धरलं. मला म्हणाल्या, "तुमी लई केलं बाई माझ्या लेकीचं." मी मान खाली घातली. कपाट रिकामं आहे.

१८ एप्रिल

साहेब येऊन गेले. दवाखाना किती शांत आहे म्हणाले. सगळे चहा पीत असताना कपाटातून टण्, टण्. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आले गं माय." सगळे माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

जाताना डॉक्टर म्हणाले, अभिनंदन, तुम्ही कायम झालात.

१९ एप्रिल

कुलूप काढलं. आत पेला. तिच्या नावाचा. आतून ओला, आणि कडेला बोटाएवढं लाल.

कोंडाबाई शपथेवर सांगते की शिवगंगाबाई तो घेऊन गाडीत बसल्या.

आटलेल्या विहिरीत टाकून आले. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

२१ एप्रिल

परत कपाटात. टँकर येतो आणि पेला वाजायला लागतो. पूर्वी पाय आपोआप जायचे. आता खुर्चीला धरून बसते —

आज डॉक्टरांना सगळं सांगणार होते. दारापर्यंत गेले. कायम झाल्याचा कागद त्यांनी हसून हातात दिला. घेतला. आले परत. मी माणूस आहे की कोण —

२२ एप्रिल

बाळंतिणीच्या खोलीत गेले. कॉट कोरडी. म्हटलं, नीलम्मा, चुकलं माझं. काहीच नाही.

ऑफिसात आले तर माझ्या साडीचा काठ भिजलेला. पाण्यानं नाही.

२४ एप्रिल

ताप. ऊन डोक्यात गेलंय. टँकरचा हॉर्न झाला, सगळे गेले. उठवत नाही. जीभ टाळूला चिकटलीय. हाक मारतेय, पण आवाज — शेळीच्या पिल्लासारखा —

तोंड आहे की, म्हटलं होतं मी.

पेला टेबलावर आहे. मी ठेवला नव्हता.

वाजवला. दोनदा. बाहेर कुणालाच —

भिंतीपलीकडं कॉट करकरली. जोडव्यांचा आवाज. हळू, बाळंतीण चालते तसा. आणि तिचाच आवाज, हसरा. बंदे, बंदे —

मी नव्हते गेले तिच्या हाकेला. ती मात्र येतेय —