बाळंतखोलीचं कुलूप

३ जून
पोचली एकदाची! अमितनं सौंसरहून टेम्पो केला आणि गादी, कुकर, पंखा अन् पाचव्या महिन्याचं पोट घेतलेली मी, एवढं सामान दवाखान्यामागच्या क्वार्टरपुढे उतरवलं. मोहगावच्या रस्त्यावरचा हा ट्रस्टचा दवाखाना तसा लहानसाच, पण बाळंतखोली पाहून जीव हरखला. पांढऱ्या टाइल्स, नवं टेबल, खिडकीतून संत्र्याचा बगीचा. काटोलला मी नुसती इंजेक्शनं टोचत बसायची. इथं बाळंतपणांसाठीच घेतलं मला. अमितची नोकरी नागपूरला, तो दर रविवारी येणार म्हणे. पाहू, किती रविवार येतो ते! मी तर ठरवूनच टाकलं, माझं बाळंतपणही याच खोलीत.

इथल्या आयाचं नाव केसरबाई. सामान लागायच्या आत झुणका-भाकर घेऊन आली आणि मला बसवून खाऊ घातलं. माहेरी आल्यासारखं वाटलं.

१५ जून
आज इथलं पहिलं लेकरू माझ्या हातावर आलं. पहिलटकरीण होती, भीतीनं टेबलाचा कठडा सोडेना. केसरबाईनं काय करावं? तिची वेणी सोडली, औषधाचं कपाट सताड उघडलं, माझी ट्रंकसुद्धा उघडायला लावली. बाईला कळा सुरू झाल्या की आजूबाजूला एक गाठ, एक कुलूप बंद ठेवायचं नाही म्हणे, नाहीतर लेकराची वाट अडते. मी हसली. पण पोरगं असं खणखणीत रडलं की म्हटलं, सोडा बाप्पा, काय सोडायचं ते!

९ जुलै
ट्रस्टचा हुकूम आला. बाई-डॉक्टर सोडून गेल्या, दुसरी मिळत नाही, म्हणून इथली बाळंतपणं बंद. आता सगळ्यांनी पांढुर्ण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. मुकुंद सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, स्वतः खोलीला कुलूप ठोकलं अन् चावी माझ्या हातात दिली. मला रडूच आलं. ज्यासाठी आली तेच बंद! सर म्हणाले, सर्दी-खोकल्याचे पेशंट आहेत ना, मग काय झालं. घ्या!

२१ जुलै


दुपारी जवळच्या वस्तीतली कुसुम आली. शेतमजुरी करणारी, कोवळी बाई, सोबत सासू. कळा जोरात. पडदा लावून बाकावरच तपासलं तर लेकरू अगदी तोंडाशी आलेलं. सर सौंसरला मीटिंगला. फोन केला तर म्हणाले, खोली उघडायची नाही, काही झालं तर आपल्यावर येईल, गाडी बोलवा अन् पाठवा. सासूनं माझे पाय धरले. शेवटी म्हणाली, माय, तू हात नको लावू तिला, नुसतं कुलूप तर काढून ठेव. तेवढंही मी केलं नाही. दार उघडं दिसलं तर कुसुम आत शिरेल आणि मग मला नाही म्हणता येणार नाही, याची भीती वाटली. गाडी निघाली तेव्हा ती माझ्याकडे नाही, त्या दाराकडे पाहून राहिली होती.

२२ जुलै
गेली. पांढुर्णा यायच्या आधीच, लेकरू पोटात घेऊन.

माझी नोकरी वाचली. आग लागो त्या नोकरीला. 

३० जुलै
ओपीडी उठल्यावर दुपारी बाळंतखोलीतून कण्हणं ऐकू आलं. कुलूप काढून पाहिलं, कोणी नाही. टेबल मात्र ओलं, आणि कठड्यावर बोटांचे ओले ठसे. घाईघाईनं पुन्हा कुलूप लावलं. लावलं तशी आतून किंकाळी आली.

केसरबाईनंही ऐकली. ती भिंतीला टेकून खालीच बसली. म्हणे, अवं, ऐन कळांत बाईची वाट बंद केली आपण. ते लेकरू अजून अडूनच हाय.

७ ऑगस्ट
सरांना विनवलं, खोली नुसती उघडी राहू द्या. ते हसले. पोटुश्या बायकांना असे भास होतात म्हणे. आणखी मोठं कुलूप आणून लावलं, चावी स्वतःच्या खिशात.

कुलूप लागलं तेव्हापासून माझं बाळ हलत नाही. ठोके ऐकू येतात, पण हलत नाही. जामसांवलीच्या मारुतीराया, माझ्या लेकराला सांभाळ. मी चुकली, त्यानं काय केलं?

१६ ऑगस्ट
पांढुर्ण्याला जाऊन सोनोग्राफी केली. सगळं ठीक आहे म्हणतात. तिथं बाळ हललंही, चांगल्या लाथा मारल्या. परत इथं पाय ठेवला अन् गप्प.

अमितला म्हटलं, घेऊन जा मला. तो म्हणाला, पोळा होऊ दे, रविवारी गाडी घेऊन येतो.

२० ऑगस्ट
आता ती दिवसभर कण्हते. दाराला तोंड लावून म्हटलं, कुसुम, माफ कर, चावी नाही माझ्याजवळ. आत शांत झालं. मग दाराला लागून कोणीतरी हळूहळू रडायला लागलं. भ्याली मी, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. कोण होतं तिचं त्या दिवशी?

२३ ऑगस्ट
कळा. आठव्यातच — पाणी गेलं.

आज गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा. सगळ्या ॲम्ब्युलन्स पांढुर्ण्याला, नदीवर, डोकी फुटलेल्यांसाठी. सरही तिथंच. केसरबाई गाडी पाहायला रस्त्यावर धावली. बाळंतखोलीपुढच्या बाकावर बसून लिहून राहिली, म्हणजे ओरडणार नाही —

कुलूप गळून पडलं. कोणी हात लावला नाही. दार उघडं —
दुसरं कुठं जाऊ. आत गेली.

ती पायथ्याशी उभी आहे. केस मोकळे. मला मारत नाही. माझे पाय धरून — बाळंतपण करून राहिली माझं —

मुलगी! रडली. माय गं, रडली —

कुसुमच्या पदरात तिचं आहे. निळं. विचारून राहिली, ताई, तुमचं रडलं, माझं काहून नाही रडत —

नर्स आहे मी. म्हटलं, दे, पाठ चोळते. घेतलं. थंड आहे. लई थंड —

कुसुमनं माझी उचलली. छातीशी धरली. दाराकडे — थांब, कुसुम, तिला दूध —

तिच्या छातीशी माझी पोर गप्प झाली. आणि माझ्या हातातलं हे — हे आता रड—